जुनी 330आय: घेताना, उघडताना, विकताना

बीएमडब्ल्यूच्या 3 सीरीजमधली ई90 बांधणीची 330आय ही पेट्रोल गाडी आज साध्या नव्या हॅचबॅकच्या भावात दारात उभी करता येते. जुन्या जर्मन गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकायच्या असं ठरवणारा नवा माणूस पहिल्यांदा इथेच फसतो. तो भाव गाडीचं तुंबलेलं काम वजा करून आलेला असतो. आधीच्या मालकाने टाळलेला खर्च तुमच्या डोक्यावर येणार, एवढं धरूनच बोली लावा. दुसरं, सुरुवातीची दोन वर्षं एकच इंजिन धरा. तीन प्रकारच्या गाड्या अर्धवट समजण्यापेक्षा या गाडीतलं एन52 हे 2996 सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन पुरतं समजलेलं बरं. टर्बो नाही, त्यामुळे बिघाडही ठरलेल्या चारपाच जागीच होतात.

गाडी पाहायला सकाळी जा आणि बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर पार्टीने आधीच चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन चालू करताना वरून टिकटिक येते का ऐका. दर वेळी थोड्याच अंतरासाठी चालवलेल्या सुरुवातीच्या एन52मध्ये हायड्रॉलिक लिफ्टर (व्हॉल्व्हमधली फट ऑइलच्या दाबाने भरून काढणारे भाग) असे वाजतात. गरम झाल्यावरही आवाज राहिला तर पुढे खर्च आहे. या इंजिनाला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नाही. ऑइलची पातळी सेन्सर मोजतो आणि डॅशवर दाखवतो, तीही इंजिन गरम आणि गाडी सपाट जागी असेल तरच. स्कॅनर लावून गाडीतल्या निरनिराळ्या मॉड्यूलांत (छोट्या कंप्युटरांत) नोंदलेले किलोमीटर मीटरशी ताडून पाहा. फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, अगदी कोऱ्या असतील तर खूश होऊ नका, त्या काल रात्री पुसलेल्या असू शकतात. चाळीस मिनिटं चालवून पुन्हा वाचा.

मुंबई-ठाण्याची गाडी असेल तर पुराचं पाणी तपासायचंच. कार्पेटचा वरचा थर दोन दिवसांत वाळतो, खालचा फोम महिनोन्महिने ओला राहतो. सीटच्या रुळांखाली बोट फिरवा. बोटाला गंज आणि बारीक माती लागली तर तिथूनच परत फिरा. पायाजवळचं लाइट मॉड्यूल आणि जंक्शन बॉक्स अशा गाडीत कधी दगा देतील ते सांगता येत नाही.

आता गळती. ऑइल फिल्टर ज्या हाउसिंगमध्ये बसतो, त्याच्या आणि इंजिनाच्या मधलं गॅस्केट उष्णतेने कडक होतं. किंमत किरकोळ, म्हणून लोक टाळतात. पण तिथून झिरपणारं ऑइल खाली अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या पट्ट्यावर उतरतं. पट्टा फुगतो, सरकतो, त्याच्या कडा उसवतात आणि एखाद्या दिवशी तो क्रँकच्या पुलीमागे ओढला जातो. तिथलं सील फाडून रबराचे दोरे थेट इंजिनात जातात आणि ऑइल खेचणाऱ्या पंपाची जाळी तुंबवतात. म्हणजे एका गॅस्केटपायी इंजिन बसतं. पट्टा ओलसर दिसला की गॅस्केट, पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर सगळं एकदमच बदला. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरची गळती मात्र वासावरून कळते. सिग्नलला थांबल्यावर जळक्या तेलाचा वास आत आला तर तीच.

या इंजिनाची बाहेरची चौकट मॅग्नेशियमची आहे, म्हणून तिच्यात जाणारे बोल्ट अॅल्युमिनियमचे असतात. लोखंडी बोल्ट बसवला तर दोन धातूंच्या संगतीने मॅग्नेशियम कुजतं. हातातला बोल्ट कोणता हे चुंबकाने ओळखा: चिकटला तर चुकीचा. हे बोल्ट एकदाच वापरायचे. टॉर्कच्या पान्याने ठरलेलं माप द्यायचं, मग अंशाचं माप लावून पुढे फिरवायचं, त्यात ते ताणले जातात. जुनाच पुन्हा कसला तर डोकं तुटून हातात येतं आणि उरलेला दांडा काढण्यात दिवस जातो.

सगळ्यात महाग धडा पाण्याच्या पंपाचा. तो पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो. लाखभर किलोमीटरच्या आसपास तो बहुधा काहीही न कळवता बंद पडतो. बंद पडल्यावर डॅशवर इंजिन तापल्याची आधी पिवळी खूण येते, मग लाल. लाल खुणेवर ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेतो’ म्हणणाऱ्याचं सिलिंडर हेड वाकतं. तिथेच बंद करा आणि सपाट ट्रकवर चढवून आणा, मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. पंप बदलताना थर्मोस्टॅटही (कूलंटचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) बदला, कारण दोन्ही खालूनच उघडावे लागतात आणि मजुरी एकदाच पडते. पंपाचे तीन बोल्ट, तेही नवे.

भरायचं ते निळं जी48 कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. बोअरचं पाणी घातलेल्या गाड्यांचे रेडिएटर आतून क्षाराने पांढरे झालेले असतात. मग हवा काढायची ती अशी: बॅटरीला चार्जर लावा, इग्निशन चालू करा, इंजिन नको. हीटर पूर्ण गरम, पंखा सगळ्यात हळू. अॅक्सिलरेटर दहा सेकंद तळाला दाबून सोडा. पंप आपणहून सुरू होऊन साधारण बारा मिनिटं चालतो. आधी गुळगुळ ऐकू येते, ती थांबून एकसारखी घरघर उरली की हवा गेली. पातळी पाहा, शंका असेल तर पुन्हा एकदा करा.

इंजिन ऑइल साडेसहा लिटर, बीएमडब्ल्यूच्या एलएल-01 मानकाचं, दर 10,000 किलोमीटरला. पॅनलवर दिसणारं मोठं अंतर इथल्या ट्रॅफिकसाठी नाही. झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल आणि कोणी ‘याचं ऑइल आयुष्यभराचं’ म्हणालं तर हसून सोडून द्या. झेडएफ स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल चाळीस अंशांच्या आसपास असताना ठरवायची. ऐंशीच्या वेगाला ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्कवर संशय घेण्याआधी पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे द्रव भरलेले रबरी बुश पाहा. आणि बॅटरी नवी बसवली की ती स्कॅनरने गाडीत नोंदवायची, नाहीतर गाडी ती जुनीच समजून चार्ज करत राहते.

पार्ट मागवताना चासी क्रमांकाचे शेवटचे सात अक्षर-अंक द्या, ‘330चा पंप’ म्हणून मागू नका. एलरिंगचं गॅस्केट, लेमफोर्डरचे बुश, साक्सचे शॉक अॅब्सॉर्बर हे मूळ दर्जाचे आणि बीएमडब्ल्यूच्या खोक्यापेक्षा स्वस्त.

कागदांत आधी वय पाहा. 15 वर्षांनी फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी होते, त्यात महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. आयात गाडी असेल तर नोंदणीचं शुल्क कितीतरी पट जास्त लागतं, म्हणून आरसीवर काय लिहिलंय ते बोलीआधी वाचा. दिल्लीकडच्या जुन्या गाड्या तिथल्या बंधनांमुळे उतरत्या भावात येतात. पण फॉर्म 28ची एनओसी (दुसरीकडे नेण्यासाठी आरटीओचं ना-हरकत पत्र), थकलेली चलानं आणि इथला रोड टॅक्स जोडला की फरक बराचसा विरतो. कर्जाची गाडी असेल तर आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म 35.

विकताना इंजिन वाफेने धुऊन चकचकीत करू नका. जाणकार पार्टी धुतलेलं इंजिन पाहूनच गळतीचा संशय घेते. बदललेल्या पार्टची बिलं तारखेने लावून फाईल करा. जुना पंप आणि गॅस्केट पिशवीत घालून डिकीत ठेवा, बिलापेक्षा त्यांनी जास्त खात्री पटते. राहिलेलं काम स्वतःहून सांगा आणि भावातून वजा करा. पैसे खात्यात पूर्ण जमा होईपर्यंत दुसरी किल्ली तुमच्याकडे. नावबदलाच्या फॉर्म 29 आणि 30वर सह्या होऊन आरसीवर नवं नाव चढेपर्यंत कायद्याने मालक जुनाच राहतो, अपघात झाला तर नोटीस त्याच्या पत्त्यावर येते. ‘नाव नंतर करून घेतो’ म्हणणाऱ्या एजंटला गाडी देऊ नका.