जुन्या गाडीचा सीडीआय बदलताय? आधी या चुका टाळा

मे महिना, दुपारचे दोन, तुळजापूर रस्ता. तामलवाडीच्या अलीकडे अप्पांची सीडी हंड्रेड मोटारसायकल एकदम बंद पडली. मिसिंग नाही, धक्के नाहीत, कुणीतरी चावी फिरवावी तशी गप्प. लिंबाखाली अर्धा तास बसलो, बाटलीतलं कोमट पाणी संपवलं आणि किक मारली, तर पहिल्याच किकला चालू. सात-आठ किलोमीटरनंतर परत बंद. सोलापुरात कशीबशी आणली. मिस्त्रींनी प्लग काढून बघितला आणि निकाल दिला, "मालक, सीडीआय गेलाय. नवीन टाकून घ्या." सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा.

टाकला. दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडवर गाडी त्याच थाटात थांबली. दोष शेवटी पल्सर कॉइलमध्ये, म्हणजे सीडीआयला ठिणगीचा इशारा देणाऱ्या कॉइलमध्ये निघाला. नव्या सीडीआयचे पैसे गेले ते गेलेच, कारण इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा पाकिटातून काढला की दुकानदार परत घेत नाही.

तर पहिली आणि सगळ्यात महागडी चूक ही: स्पार्क नाही म्हणजे सीडीआय गेला, असं धरून चालणं. इंजिनसोबत मॅग्नेट (चुंबकाचं चाक) फिरतं, आतली एक्सायटर कॉइल करंट बनवते, तो सीडीआयमधल्या कपॅसिटरमध्ये साठतो. पल्सर कॉइलने इशारा दिला की तो साठा एचटी कॉइलमध्ये (व्होल्टेज खूप वाढवणारी कॉइल) सुटतो आणि तिथून प्लगला ठिणगी जाते. या साखळीत सीडीआयला हलणारा भाग नाही, झिजायला काही नाही. तोही जातो, नाही असं नाही, पण संशय त्याच्यावर सगळ्यांत शेवटी घ्यावा.

सुरुवात फुकटच्या तपासणीने करा. एसी सीडीआयच्या, म्हणजे बॅटरीवर नाही तर एक्सायटर कॉइलच्या करंटवर ठिणगी देणाऱ्या गाड्यांत स्विच बंद केला की एक वायर अर्थ होते आणि त्यामुळे गाडी थांबते. होंडाच्या जुन्या वायरिंगमध्ये ती काळी-पांढरी असते. सीडीआयजवळ ही वायर सोडवा आणि स्पार्क बघा. आला, तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा त्या वायरीत आहे. (मात्र ही वायर सुटी असताना चावीने गाडी बंद होणार नाही, ब्रेक दाबून गिअरमध्ये क्लच सोडावा लागेल.) पावसाळ्यात ओल धरून सडलेल्या स्विचपायी किती सीडीआय उगाच बदलले गेले असतील, देव जाणे.

मग मल्टिमीटर घ्या, साधा पिवळा चालतो. काळ्या-लाल वायरीपासून अर्थपर्यंत एक्सायटर आणि निळ्या-पिवळ्यापासून अर्थपर्यंत पल्सर मोजा. होंडा जातीच्या छोट्या गाड्यांत पल्सर साधारण ५० ते २०० ओहम आणि एक्सायटर १०० ते ४०० ओहमच्या आसपास दाखवते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला धरा. इथे बरेच जण फसतात: मीटर २०० च्या रेंजवर ठेवतात, डावीकडे नुसता १ दिसतो आणि चांगली कॉइल तुटली म्हणून फेकतात. रेंज २००० वर न्या. रंगांवरही आंधळा विश्वास नको. तीस वर्षांच्या गाडीत वायरिंग कुणी, कधी, कोणत्या रंगाच्या वायरीने जोडलंय ते सांगता येत नाही, म्हणून वायर हाताने शेवटपर्यंत मागे न्या.

आणि मोजमाप गार गाडीवर करून थांबू नका. अप्पांच्या गाडीची पल्सर सकाळी अंगणात मोजली तर ठणठणीत होती. बहिणीचा हेअर ड्रायर कॉइलवर पाच मिनिटं धरला आणि मीटरचा आकडा थरथरत वर चढला, मग नुसता १. ड्रायर बंद केला, चहा पिऊन आलो, तर आकडा जागेवर. आतली तार तुटलेली, गार असताना टेकायची, तापली की सुटायची. सोलापूरच्या उन्हात असले दोष आपोआप वर येतात.

स्पार्क बघतानाची चूकही सांगतो. प्लग कॅपमध्ये घालून त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या हेडला घट्ट टेकवायचा, प्लगच्या भोकापासून लांब, पेट्रोलची वाफ असते. कॅप मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर तो दाब एचटी कॉइलचं इन्सुलेशन फोडतो आणि कधीकधी सीडीआयही घेऊन जातो.

एवढं करून सीडीआयच दोषी निघाला तर आता खरेदी. मल्टिमीटरने सीडीआयची खात्री होत नाही, त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा क्षणभर लावून बघणं हीच खरी परीक्षा. काउंटरवर 'कपलर बसतोय ना, मग चालतंय की' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. एसी आणि डीसी सीडीआय दिसायला सारखे असू शकतात, पण एसीला एक्सायटर कॉइलचा जास्त व्होल्टेजचा करंट लागतो आणि डीसी बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतो. उलटसुलट लावले तर स्पार्क येणार नाही, नाहीतर नवा सीडीआय जळेल. तुमची गाडी कुठली ते ओळखायला, इंजिन बंद असताना बॅटरी सोडवा आणि किक मारा. चालू झाली तर एसी. चालू इंजिनवर बॅटरी काढायची मात्र नाही, बल्ब उडतील.

येझदीला किंवा जुन्या बुलेटला पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणाऱ्यांनी आधी गाडी ६ व्होल्टची की १२ ची ते बघावं, आणि एचटी कॉइल किटसोबतचीच वापरावी.

कॉइल बदलायला मॅग्नेट काढायचं असेल तर पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) आणा, भाड्याने मिळाला तरी आणा. टायर लिव्हर आणि हातोडीने मॅग्नेटला तडा जातो, क्रँकचे आटे बसतात. बसवताना ती छोटी अर्धचंद्राची की तिच्या खाचेत नीट बसलीय का बघा. ती कापली गेली असेल तर मॅग्नेट सरकतं, टायमिंग बिघडतं, गाडी किक परत मारते किंवा सायलेन्सरमध्ये फटाके फोडते, आणि आपण पुन्हा सीडीआयला शिव्या देतो. कॉइल बसवलेल्या प्लेटचे स्क्रू लांबट खाचांत असतील तर सोडवण्याआधी प्लेट आणि इंजिनवर खिळ्याने एक रेघ ओढा. मॅग्नेट परत चढवण्याआधी आत बोट फिरवून घ्या. जमिनीवरचा वॉशर त्याला कधी चिकटतो ते कळतही नाही.

अर्थिंगचंही असंच. गाडी नव्याने रंगवली आणि स्पार्क गेला, तर एचटी कॉइलच्या बोल्टखालचा रंग खरवडा. जोड काळ्या टेपने नका करू, इथल्या उन्हात तिचा डिंक वितळून वायर उघडी पडते. सोल्डर करा आणि वर स्लीव्ह चढवा.

काम झालं की संध्याकाळच्या गार हवेत विजापूर रोडला एक चक्कर मारून मिस्त्रींचे पैसे देऊन टाकू नका. भर दुपारी निघा, वीसेक किलोमीटर न थांबता चालवा, चहाच्या टपरीवर पाच मिनिटं बंद करून उभी करा आणि त्या तापलेल्या इंजिनवर किक मारा.