चिनी लिपीत नाव लिहून घेताना या चुका टाळा

आपले किंवा मुलाबाळांचे नाव चिनी लिपीत लिहून त्याचा शिक्का बनवण्याची अथवा ते अंगावर गोंदवून घेण्याची हौस पुष्कळांना असते. त्यासाठी इंटरनेटवर फिरणारा एक तक्ता वापरला जातो, ज्यात ए पासून झेडपर्यंतच्या प्रत्येक इंग्रजी अक्षरासमोर एकेक चिनी चिन्ह मांडलेले असते. हा तक्ता निखालस खोटा आहे. चिनी लिपीत मुळाक्षरेच नाहीत. तिथले एक चिन्ह म्हणजे एक पूर्ण उच्चार असतो आणि त्याला बहुधा स्वतःचा अर्थही असतो. त्यामुळे तक्त्यावरून लिहिलेले ‘सुनीता’ हे नाव चिनी माणसाला वाचताच येत नाही, आणि गोंदण तर पुसताही येत नाही.

योग्य रीत कोणती, हे पाहायला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे उदाहरण पुरेसे आहे. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि तिथे त्यांचे नाव ‘ख तीह्वा’ असे झाले. ‘ख’ आणि ‘ती’ हे उच्चार कोटणीस या आडनावाच्या सुरुवातीवरून घेतलेले आहेत. त्यातले पहिले चिन्ह हे चिनी समाजातले प्रचलित आडनाव आहे, तर शेवटचे ‘ह्वा’ म्हणजे चीन. हे ‘ह्वा’ पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी आहे. ध्वनी ओळखीचा, आडनाव खरे आणि अर्थ आपुलकीचा, असा तिहेरी विचार या नावामागे आहे. स्वतःचे नाव लिहून घेताना हाच विचार करावा.

आपल्याकडे हे नाव ‘के दीहुआ’ असे छापले जाते, तेही दुरुस्त करण्यासारखे आहे. १९५८ साली स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत बी, डी, जी या अक्षरांचे उच्चार प, त, क यांच्या जवळचे आहेत आणि पी, टी, के यांचे फ, थ, ख यांच्या. हा अल्पप्राण-महाप्राण भेद मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून बसलेला असतो. इंग्रजीच्या वळशाने गेल्यामुळेच तो आपण हातचा घालवतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे प्रत्येक चिन्ह हे चित्र समजून त्याची फोड करणे. ‘मा’ म्हणजे आई, या चिन्हात डावीकडे ‘स्त्री’ आणि उजवीकडे ‘घोडा’ आहे. त्यावरून आईला कष्टकरी घोड्याची उपमा दिल्याच्या गोष्टी रचल्या जातात, पण तिथला घोडा केवळ ‘मा’ हा ध्वनी सांगण्यासाठी आहे. हाच घोडा मुंगीच्या चिन्हात कीटकाशेजारी बसतो, प्रश्न विचारण्याच्या प्रत्ययात एका तोंडाशेजारी, आणि शिवी देणे या क्रियापदात दोन तोंडांखाली. बहुसंख्य चिनी चिन्हे अशीच, एक भाग अर्थाचा आणि एक ध्वनीचा, या जोडणीतून घडलेली आहेत.

घोड्याचे चित्र मुळात होते, यात शंका नाही. चीनमधील आन्यांग येथे सापडलेल्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजवटीतील हाडांवर त्याचे डोळा, आयाळ आणि शेपूट असलेले उभे रूप कोरलेले दिसते. पुढे मुद्रालिपीत, म्हणजे शिक्क्यांवर आजही दिसणाऱ्या जुन्या वळणाच्या लिपीत, ते बांधेसूद झाले आणि नंतरच्या लेखनात पायांच्या जागी चार ठिपके आले. १९५६ नंतर चीनमध्ये झालेल्या सुलभीकरणात दहा रेघांचा घोडा तीन रेघांवर आला. तैवान आणि हाँगकाँगमध्ये मात्र पारंपरिक रूपच चालते.

म्हणून एका नावात दोन्ही रूपे मिसळू नयेत, आणि संगणकाने केलेल्या रूपांतरावर विसंबूही नये. ‘केस’ आणि ‘उत्पन्न होणे’ ही पारंपरिक लिपीत दोन वेगळी चिन्हे आहेत. सुलभ लिपीत त्यांचे एकच चिन्ह झाले. उलट दिशेने जाताना यंत्राने भलते चिन्ह निवडले, की केशकर्तनालयाच्या पाटीवरून केसच नाहीसे होतात.

नावांच्या रीतीतही घोटाळे होतात. आडनाव आधी येते, त्यामुळे ‘शी चिनफिंग’ यांना ‘मिस्टर चिनफिंग’ म्हणणे चूक. आजच्या चीनमध्ये लग्नानंतर स्त्रीचे आडनाव सहसा बदलत नाही. कोटणिसांच्या पत्नी क्वो छिंगलान या शेवटपर्यंत क्वोच राहिल्या. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली प्रेमाची पद्धत तिथे परंपरेने अनादराची मानली जाते. सम्राटाच्या नावातले चिन्ह तर लिहिणेही वर्ज्य होते: खांगशी सम्राटाचे खाजगी नाव श्वेनये असल्यामुळे पेइचिंगच्या राजवाड्यातील ‘श्वेनवू’ दरवाजा ‘शनवू’ झाला.

कोटणिसांच्या मुलाचे नाव मात्र कोशात शोधावे लागत नाही. ते आहे ‘यिनह्वा’: ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन.