नवा ट्रक, तेच दुखणं: वर्कशॉपच्या वाऱ्या करताना या चुका टाळा

गाडी जेमतेम तीन महिन्यांची होती. न्हावा शेव्याला कांदा उतरवून परतीचं खताचं भाडं घेतलं होतं आणि कसारा घाटात गाडीने दम सोडला. चेक इंजिनचा दिवा तसा चार दिवस अधूनमधून डोकावत होता. त्या दिवशी तो लागला तो लागलाच. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी दहा चाकी पुढे सरकेना, मागे हॉर्नचा नुसता कल्ला. डीलरच्या वर्कशॉपने दोन दिवस गाडी ठेवून घेतली. "सेन्सर बदललाय शेठ, आता बिनधास्त जा." आठव्या दिवशी त्याच घाटात तेच.

अशा चार वाऱ्या झाल्या. चौथ्या वारीला सगळे कागद पसरून बसलो तेव्हा कळलं, की वर्कशॉपच्या घोळात माझाही हात होता.

जॉब कार्डवर त्यांचे शब्द जाऊ देणं

सगळ्यात महागात पडलेली चूक ही. माझ्या पहिल्या जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रार नोंदवतं त्या कागदावर, लिहिलं होतं, "इंजिन चेक करणे". दुसऱ्यावर "जनरल चेकअप". तिसऱ्यावर "सेन्सर फॉल्ट". कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर आला, त्याने तिन्ही कागद चाळले आणि शांतपणे विचारलं, "एकच तक्रार परत परत आली, असं यात कुठे दिसतंय?" राग आला, पण कागदापुरतं त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी तक्रार घरून लिहून नेतो आणि दरवेळी तीच वाक्यं टाईप करायला लावतो: "लोड असताना चढावर साधारण वीस मिनिटांनी चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी ओढत नाही. हीच तक्रार अमुक तारखेच्या, अमुक नंबरच्या जॉब कार्डवर आहे." सुपरवायझर म्हणतो, सिस्टीममध्ये एवढी जागा नाही. मग प्रिंटवर सहीच्या वर पेनाने लिहायचं आणि लगेच मोबाईलवर फोटो काढायचा. किलोमीटर, तारीख आणि गाडी आत घेतल्याची वेळ त्या फोटोत आली पाहिजे.

फॉल्ट कोडचंही तसंच. स्कॅनर लावल्यावर पडद्यावर कोड दिसतात. ते पुसायच्या आधी फोटो घ्या. एकदा पुसले की दिवा विझतो, गाडी गेटबाहेर जाते आणि आत काय बिघडलं होतं याचा मागमूस उरत नाही. माझ्या पहिल्या दोन वाऱ्यांचे कोड आज कुणाकडेच नाहीत.

रिकाम्या गाडीची सपाट रस्त्यावर ट्रायल

वर्कशॉपचा माणूस रिकामी गाडी हायवेवर दोन किलोमीटर फिरवून आणतो आणि "ओके" लिहितो. ज्या गाडीला लोडवर, चढावर त्रास आहे, तिची ही ट्रायल म्हणजे चपला घालून डोंगर चढायचा आणि पायाला लागतंय का ते घरात बसून बघायचं! शक्य असेल तर भरलेली गाडी घेऊन जा, मेकॅनिकला शेजारी बसवा आणि लॅपटॉप जोडलेलाच ठेवा. ते जमत नसेल तर गाडी ताब्यात घेताना "काम समाधानकारक" याखाली नुसती सही करू नका. "गाडी ताब्यात घेतली, लोडवर ट्रायल बाकी" असं लिहून सही करा. तोंडं वाकडी होतात, होऊ द्यावीत.

बाहेर दाखवायचं, पण हात लावू द्यायचा नाही

आमच्याकडे एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कंटाळून गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, चॅसीच्या कडेने जाणारी वायरिंग मुठीत धरून हलवली, आणि केबिनमध्ये दिवा लागला. हलवली, पुन्हा लागला. एका ब्रॅकेटवर घासून वायरींचं आवरण सोललं होतं. पुढच्या कनेक्टरमध्ये मिठासारखी पांढरी पूड.

ती पूड युरियाची. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आल्यावर आपल्या मोठ्या डिझेल गाड्यांत धूर साफ करायला डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) लागतं, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते कुठे झिरपलं तर वाळून स्फटिक धरतं आणि तांब्याला खातं. धुरावर लक्ष ठेवणाऱ्या सेन्सरचा सिग्नल असा तुटत राहिला, की धुराची यंत्रणा बिघडली असं समजून गाडी आपली ताकद मुद्दाम कमी करते. म्हणजे वर्कशॉपने दोनदा सेन्सर बदलला, आणि त्या सेन्सरपर्यंत जाणारी वायर कुणी बघितलीच नाही. स्कॅनरने सेन्सरचं नाव सांगितलं, की सेन्सरच बदलायचा, ही आजकालची रीत.

मी म्हटलं, अण्णा, टाका जोडून. ते म्हणाले, "मी टेप गुंडाळली की उद्या म्हणतील बाहेर काम केलंय, वॉरंटी गेली. तू व्हिडिओ काढ आणि त्यांच्याकडेच जा." तसंच केलं. पाचव्या वारीत हार्नेस, म्हणजे ती वायरींची अख्खी जुडी, बदलला गेला.

डीईएफची बिलंही जपून ठेवा. सुट्ट्या कॅनमधलं स्वस्त डीईएफ टाकलं असेल तर बोट तुमच्याकडे वळतं, आणि कधीकधी ते बरोबरही असतं.

हप्ता थांबवणं

करू नका. कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, तिला तुमच्या सेन्सरशी देणंघेणं नाही. गाडी ओढून नेली तर तपासायलाही हातात राहणार नाही.

पहिल्याच दिवशी "गाडी बदलून द्या"

वारंवार बिघडणारी नवी गाडी कंपनीने बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे, असा अमेरिकेसारखा लेमन लॉ आपल्याकडे नाही. वॉरंटीत फक्त सदोष भाग दुरुस्त करायचं किंवा बदलायचं वचन असेल तर थेट गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका कारच्या प्रकरणात म्हटलं. नवीन गाडी हवी तर मूळ उत्पादनातच दोष आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. दुरुस्ती नीट न झाल्याने गाडी इतके दिवस उभी राहिली, ही सेवेतील त्रुटी दाखवणं त्या मानाने सोपं. त्यासाठी जीपीएसचा रिपोर्ट, रद्द झालेल्या भाड्याचे मेसेज, टोचनची पावती एका जागी ठेवा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बाहेर आहे. पण पोटापाण्यासाठी स्वतः ट्रक चालवणारा ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली १९९५ मध्येच सांगितलं आहे. मदतीला एखादा माणूस ठेवला म्हणून हा हक्क जात नाही. पाच-सहा गाड्या पगारी ड्रायव्हरवर चालवणाऱ्याला मात्र हा रस्ता अवघड. तक्रारीत नुसतं "माझा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे" असं लिहून मोकळे झालात तर समोरचा वकील तेच वाक्य धरून बसेल.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, कंपनीला ईमेल करा. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच, आणि २० ते ५० लाखांच्या गाडीला फी १,००० रुपये. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, कारण दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार हे ठरलेलं. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणता म्हणता ती सरते. आणि दोष तपासायला आयोग गाडी तज्ज्ञाकडे पाठवू शकतो, तेव्हा बदललेला भाग मागून घ्या आणि निकाल लागेपर्यंत जपून ठेवा. वॉरंटीतले जुने भाग कंपनीला परत जातात असं सांगून द्यायला नकार मिळाला, तर निदान भाग नंबरासकट फोटो काढा. माझ्या जुन्या हार्नेसचा असाच एक फोटो आहे, पांढऱ्या पुडीसकट.