आईने मुलांसाठी प्रार्थना कशी करावी

मुलांसाठी प्रार्थना करत नाही अशी ख्रिस्ती आई मला अजून भेटलेली नाही. पण पुष्कळ जणींची प्रार्थना 'प्रभू, माझ्या लेकरांना सांभाळ' एवढ्यावर उरकते, आणि काहींची प्रार्थना देवापेक्षा मुलांनाच ऐकवण्यासाठी चाललेली असते. मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. रात्रपाळ्या होत्या, घरी तीन मुलं होती. आता मुलं आपापल्या संसारात आहेत आणि आमच्या महिला मंडळातल्या तरुण आया विचारतात, 'नेमकं करायचं काय?' त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. त्यातलं पहिलं हे, की मुलांसाठीची प्रार्थना म्हणजे देवाशी बोलणं. मुलांशी बोलायचं असेल तर ते वेगळं बोलावं.

वेळ कुठून काढायची

पहाटे उठून तासभर गुडघ्यावर बसणं ज्यांना जमतं त्यांनी जरूर बसावं. पण अंगावर पिणारं बाळ असलेल्या बाईला हा सल्ला देऊ नये. ती आधीच रात्रभर जागी असते. तिने आपल्या रोजच्या ठरलेल्या कामांना एकेका मुलाचं नाव जोडावं. मी वॉर्डात शिरताना हात धुवायचे तेव्हा थोरल्याचं नाव घ्यायचे, इंजेक्शनचा ट्रे लावताना मधलीचं, पहाटे टेंपरेचर घ्यायला निघताना धाकट्याचं. दोन-तीन वाक्यंच व्हायची, पण कामं रोज होतीच, त्यामुळे प्रार्थनाही चुकायची नाही. काम असं निवडा की ज्यात हात गुंतलेले असतात पण डोकं मोकळं असतं.

याच्या जोडीला आठवड्यातून एकदा तरी, बायबलमध्ये मत्तय 6:6 मध्ये सांगितलंय तसं, दार लावून बसावं. तिथे घाई नको.

मुलं एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला एक वार द्या. इंग्लंडमधल्या सुझॅना वेस्लीला 19 मुलं झाली, त्यातली 10 जगून मोठी झाली. 1712 साली तिने नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिचं वेळापत्रक आहे: रोज संध्याकाळी एका मुलाशी एकटीने बोलायचं. धाकटा चार्ल्स शनिवारी, आणि जॉन, ज्याला घरात जॅकी म्हणत, गुरुवारी. हाच जॉन वेस्ली पुढे मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचा अग्रणी झाला. मोठेपणी त्याने आईला लिहिलं की गुरुवारच्या संध्याकाळचा तो थोडा वेळ मला अजूनही द्याल तर फार उपयोग होईल. या बाईची गोष्ट सांगताना लोक मुलांच्या आकड्यावर थबकतात. मला तो गुरुवार मोठा वाटतो. ज्या वारी ज्या मुलासाठी प्रार्थना, त्या वारी त्या मुलाजवळ थोडा वेळ बसा आणि त्याला बोलू द्या. मुलाच्या मनात काय चाललंय हे ठाऊकच नसेल तर देवाजवळ मागणार काय?

काय मागायचं

नेमकं मागा. 'माझ्या मुलीला सुखी ठेव' ही चांगली इच्छा आहे, पण ती कुठल्याही मुलीसाठी चालते. मुलगी शाळेतून येऊन गप्प बसली आणि खोदून विचारल्यावर म्हणाली की माझ्याजवळ कोणी बसत नाही, तर प्रार्थना अशी होते: 'प्रभू, हिला एक मैत्रीण दे. आणि उद्या दुसरं कोणी एकटं बसलेलं दिसलं तर उठून त्याच्याजवळ जायचं धैर्य हिला दे.' दुसरं वाक्य विसरू नका. पहिल्यात मुलीची गरज आहे, दुसऱ्यात ती कशी व्यक्ती घडावी हे आहे. आईच्या प्रार्थनेत दोन्ही हवं.

एक वही ठेवा. डाव्या पानावर मागणी आणि तारीख लिहायची, उजवं पान कोरं सोडायचं. उत्तर दिसलं की तिथे लिहायचं. काही पानं वर्षानुवर्षं कोरी राहतात, राहू द्या. वही मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. तुमच्या आणि देवाच्या बोलण्यात त्यांच्या दुखऱ्या गोष्टी असणार.

शब्द सुचत नसतील तर पवित्र शास्त्रातून उसने घ्या. प्रेषित पौलाने ख्रिस्ती मंडळ्यांसाठी केलेल्या प्रार्थना आयांसाठी सोन्यासारख्या आहेत: कलस्सैकरांस पत्र 1:9-12 आणि इफिसकरांस पत्र 3:14-19. 'तुम्ही' आणि 'तुम्हांला' येतं तिथे मुलाचं नाव घालून सावकाश वाचा. त्यात ज्ञान, सहनशीलता, प्रीतीत मुळावलेलं आयुष्य हे सगळं आहे. नोकरी, मार्क, पगार त्यात नाही, म्हणून ते आपण आपल्या शब्दांत मागावं, संकोच करू नये. फक्त येशूचे शिष्य याकोब आणि योहान, म्हणजे जब्दीची मुलं, यांच्या आईची आठवण ठेवावी. तिने येशूकडे आपल्या दोन्ही मुलांसाठी राज्यात उजवी-डावी जागा मागितली. तुम्ही काय मागता हे तुम्हाला समजत नाही, असं त्याने सांगितलं, पण तिला हाकलून दिलं नाही. पुढे मत्तय 27:56 मध्ये वधस्तंभाकडे दुरून पाहत उभ्या असलेल्या स्त्रियांत तीही आहे. चुकीचं मागणारी आईसुद्धा प्रभूच्या मागे चालत राहू शकते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुलांच्या कानावर काय पडावं

आशीर्वाद पडावा. गणना 6:24-26 मधला आशीर्वाद पाठ करा आणि मूल शाळेला, परीक्षेला, परगावी निघताना डोक्यावर हात ठेवून म्हणा. अर्धा मिनिटही लागत नाही. वयात आलेला मुलगा मित्रांसमोर लाजत असेल तर दाराआड म्हणा.

आभार पडावेत. 'प्रभू, आज याने बहिणीला मदत केली, त्याबद्दल तुझे आभार' हे कुटुंबप्रार्थनेत मोठ्याने म्हणावं.

तक्रार मात्र पडू नये. सगळे डोळे मिटून बसलेत आणि आई म्हणते आहे, 'प्रभू, याला खोटं बोलण्याच्या सवयीतून सोडव.' ती प्रार्थना नाही, डोळे मिटून दिलेली बोलणी आहेत. मुलाला उलट बोलता येत नाही, भावंडांना सगळं कळतं, आणि 'आमेन' म्हणताना त्या मुलाच्या मनात देव आईच्या बाजूने उभा असलेला दुसरा रागावणारा माणूस होतो. खोटेपणाबद्दल त्याच्याशी एकांतात बोला, आणि देवाशीही एकांतातच. तसंच 'मी तुझ्यासाठी एवढी प्रार्थना करते आणि तू असा वागतोस' हे वाक्य तोंडातून कधीच जाऊ देऊ नका. त्यामुळे प्रार्थनेचं कर्ज होतं आणि मुलं कर्जदारासारखी तोंड चुकवू लागतात.

प्रार्थनासभेत विनंती देतानाही हेच पथ्य. मुलीचं मोडलेलं लग्न, मुलाचं व्यसन, हे त्यांना विचारल्याशिवाय चारचौघींत मांडू नका. 'माझ्या एका मुलासाठी प्रार्थना करा' एवढं पुरतं. नाव देवाला माहीत आहे.

माझी आई रात्री दिवा मालवल्यावर हळू आवाजात प्रार्थना करायची. आम्ही झोपलो असं तिला वाटायचं. मी अंथरुणात जागी राहून माझं नाव यायची वाट बघायचे. माझ्याबद्दल ती कधी गाऱ्हाणं सांगताना ऐकलं नाही. दिवसा ती मला पुष्कळ रागवायची तरीसुद्धा. रात्री ती देवाला माझ्याबद्दल जे सांगायची त्यावरून मला कळायचं की मी तिला कशी दिसते. आईच्या प्रार्थनेचा मुलांवर परिणाम होतो म्हणतात तो मी असा अनुभवला आहे. तो ठरवून घडवता येत नाही. ती आमच्यासाठी बोलत होती, आम्हाला ऐकवत नव्हती.

मोठ्या मुलांना सरळ विचारावं, 'तुझ्यासाठी काय मागू?' 'काही नको' म्हणाला तर 'बरं' म्हणावं आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारावं.

मूल विश्वासापासून दूर गेलं असेल तर

इथे आयांची सर्वांत जास्त ओढाताण होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावी मोनिका नावाची आई होती. तिचा मुलगा ऑगस्टीन, जो पुढे चर्चचा मोठा शिक्षक झाला, 19 वर्षांचा असताना मानी नावाच्या गुरूच्या, चर्चबाहेरच्या पंथात गेला. पुढचं सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. सुरुवातीला त्याच्या मतांची तिला इतकी चीड आली की एका घरात राहणं, एकत्र जेवणं तिला नको झालं. मग एका स्वप्नातून तिला धीर मिळाला आणि तिने त्याला पुन्हा आपल्या घरात, आपल्या जेवणात घेतलं. मुलाने चर्च सोडलं म्हणून आईने त्याचं ताट बंद करू नये, हे मी यावरून सांगते.

मग ती एका बिशपकडे गेली आणि माझ्या मुलाशी वाद घालून त्याला समजवा म्हणाली. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला होता. त्याने नकार दिला. म्हणाला, सध्या त्याला राहू दे, त्याच्यासाठी फक्त प्रभूकडे प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. ती ऐकेना, रडत राहिली, तेव्हा काहीसा कावून तो म्हणाला की जा, एवढ्या आसवांचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. हे शेवटचं वाक्य प्रवचनांतून सतत येतं. त्याच्या आधीचा सल्ला फारसा कोणी सांगत नाही, आणि आयांना खरी गरज त्या सल्ल्याची आहे. वाद थांबवा. व्हिडिओ, संदेश, वचनांचे फोटो रोज पाठवणं थांबवा. फोन केलात तर जेवलास का विचारा, कामाचं विचारा, ऐकून घ्या. वाद घालण्यात जाणारी ताकद देवापुढे खर्च करा.

383 साली ऑगस्टीन रोमला निघाला. मोनिकाने त्याला घट्ट धरून ठेवलं. मित्राला निरोप द्यायला चाललोय अशी थाप मारून तो निसटला, आणि ती जहाजाजवळच्या हुतात्मा बिशप सिप्रियनच्या स्मारकमंदिरात रात्रभर 'त्याला जाऊ देऊ नकोस' अशी प्रार्थना करत असताना जहाज सुटलं. ती रात्रीची मागणी नाकारली गेली. पण इटलीत गेल्यामुळेच त्याला मिलानमध्ये बिशप अँब्रोस भेटला, आणि 387 च्या ईस्टरला ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. तो 32 वर्षांचा होता. मोनिका तिथे होती. त्याच वर्षी ओस्तियाला, वयाच्या 56व्या वर्षी, ती वारली. ऑगस्टीन लिहितो की देवाने तिची त्या रात्रीची मागणी दिली नाही, कारण ती नेहमी जे मागत होती ते त्याला द्यायचं होतं. म्हणून मूल आपल्या नजरेआड जाऊ नये अशी प्रार्थना करताना एक वाक्य जोडावं: 'आणि तो गेलाच तर तिथे त्याला तुझा माणूस भेटू दे.'

उत्तर येत नाही तेव्हा

मत्तय 15 मधली कनानी स्त्री लेकीसाठी ओरडत आली तेव्हा येशूने आधी तिला काहीच उत्तर दिलं नाही. शिष्य तिला घालवून द्या म्हणाले. ती हटली नाही. तिची पहिली मागणी बघा: माझ्यावर दया कर. दुखणं मुलीचं, दया मागते स्वतःवर. आईने स्वतःसाठी मागणं हा स्वार्थ नाही. झोप मागा, धीर मागा, चिडचिड कमी होऊ दे म्हणा. 1 शमुवेल 1 मध्ये मूल मागत रडणाऱ्या हन्नाचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, याजक एलीला वाटलं ती प्यालेली आहे. तिने मन मोकळं केलं, उठली, जेवली, आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. तिला पुढे झालेला मुलगा शमुवेल अजून पोटातही नव्हता.

ज्या दिवशी एकही शब्द फुटत नाही त्या दिवशी स्तोत्र 13 वाचा, किंवा नुसतं बसून राहा. काय मागावं हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी विनंती करतो असं सांगणारं रोमकरांस पत्र 8:26 त्याच दिवसांसाठी आहे.

आणि हे लिहायलाच हवं. वॉर्डात मी अशा आया पाहिल्या ज्यांनी दिवसरात्र प्रार्थना केली आणि त्यांचं मूल गेलं. त्यांना 'विश्वास कमी पडला' असं कोणीही, कधीही म्हणू नये. त्यांच्याजवळ बसावं, पाणी द्यावं.

प्रार्थनेबरोबर हातपायही चालले पाहिजेत. मूल आजारी असेल तर दवाखान्यात न्या, व्यसन असेल तर उपचार करा, घरात मारहाण होत असेल तर मुलांना घेऊन आधी सुरक्षित जागी जा. हन्नाने मुलगा प्रभूला दिला, तरी दरवर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत होती. त्या वर्षात तो किती वाढला असेल याचा अंदाज ती घरी बसून घेत असणार.

नवरा विश्वासात नसेल तर खचू नका. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता, आणि त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात राहिला असं पौल लिहितो. नवरा विश्वासात असेल तर मात्र सगळा भार एकटीने उचलू नका. जुन्या करारात भल्या पहाटे उठून एकेका मुलासाठी होमार्पण करणारा ईयोब बाप होता.

मुलांची लग्नं झाल्यावर वहीत सुनेचं, जावयाचं नाव वाढवायचं. 'सुनेला बदल' ही मागणी लिहू नका. तिची आईही कुठेतरी तिच्यासाठी प्रार्थना करत असेल. विहिणीला एकदा फोन करून विचारा, 'तुम्ही या दोघांसाठी काय मागता?' आणि ती सांगेल ते आपल्या वहीत तिच्या शब्दांत उतरवून घ्या.