संघशिस्त लावताना या चुका टाळा: एनएचएलच्या अनुभवातून

खेळाडूने नियम मोडला की कारवाई करायची, एवढं सगळ्यांनाच कळतं. ती कशी करायची, इथे मात्र अमेरिका-कॅनडातल्या एनएचएलचे गडगंज क्लबसुद्धा तोंडावर आपटले आहेत. खरं तर या आइस हॉकी लीगमध्ये मोघम काही ठेवलेलं नाही. प्रत्येक खेळाडू ज्या प्रमाणित करारावर सही करतो, त्यातच सगळं लिहिलेलं असतं. क्लबला वागणुकीचे आणि फिटनेसचे वाजवी नियम करता येतात. ते मोडले तर वाजवी दंड पगारातून कापता येतो, निलंबनही करता येतं. पण दंड किती, निलंबन किती काळाचं आणि कशासाठी, हे खेळाडूला लेखी कळवावं लागतं. नियमांची प्रत लीगकडे आणि खेळाडू संघटनेकडेही द्यावी लागते. घोळ होतो तो याच अटींना बगल दिल्यामुळे.

नियम उचलायचा आणि त्यामागची पद्धत सोडून द्यायची

लू लॅमोरिएलो यांचे नियम हॉकीत सर्वांना तोंडपाठ आहेत. दाढी नको, केस आटोपशीर हवेत, जर्सीवर मोठे आकडे नकोत. १९८७ पासून २०१५ पर्यंत न्यू जर्सी डेव्हिल्सचे जनरल मॅनेजर असताना त्यांनी १९९५, २०००, २००३ असे तीन स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले. पुढे टोरंटो आणि न्यूयॉर्क आयलँडर्समध्येही हेच नियम लागू झाले. आयलँडर्सच्या जॉश हो-सँगला तर ६६ नंबर सोडून २६ घ्यावा लागला.

हे ऐकून आपल्या संघाला वस्तरा दाखवणारे मॅनेजर काही कमी नाहीत. पण कप काही दाढी काढल्याने आलेला नव्हता. त्या क्लबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे आधीच ठाऊक असायचं आणि त्यातून कोणालाच सूट नसायची. कोचलाही नाही. २००० मध्ये साखळीचे जेमतेम आठ सामने उरले होते, मोसमात संघाचे विजय पराभवांपेक्षा बरेच जास्त होते, तरी गाडी घसरतेय असं वाटताच लॅमोरिएलोंनी कोच रॉबी फ्टोरेक यांना घरी पाठवलं. लॅरी रॉबिन्सन यांना आणलं आणि त्याच मोसमात कप जिंकला. तो निर्णय कोणाला पटो न पटो, वरच्यांना एक आणि खालच्यांना एक असा प्रकार तिथे नव्हता.

आणि ज्या नियमाचं कारण आज क्लबमध्ये कोणालाच सांगता येत नाही, तो सरळ काढून टाकावा. सामन्याला येताना जॅकेट-टाय घालण्याची जुनी सक्ती एनएचएल आणि खेळाडू संघटनेने २०२५ मध्ये ठरवलेल्या नव्या करारात सोडून दिली.

एकच चूक, दोन मापं

संघात २३ खेळाडू असतात आणि सामन्याला २० जण उतरतात. उरलेल्यांपैकी जो धडधाकट असूनही बाहेर बसवला जातो त्याला हेल्दी स्क्रॅच म्हणतात. कोचच्या हातातलं हे सगळ्यात धारदार हत्यार. डिसेंबर २०११ मध्ये विनिपेगमधल्या सामन्याच्या दिवशी टायलर सेगिन सकाळी वेळेवर उठला नाही आणि त्याची टीम मीटिंग चुकली. त्या वेळी तो बॉस्टन ब्रुइन्सचा सगळ्यात जास्त गुण (गोल आणि गोलला मदत मिळून) असलेला खेळाडू होता. कोच क्लॉड जुलियन यांनी त्याला त्या सामन्यात बसवलं. ब्रुइन्स एका गोलने हरले. तरीही तो निर्णय मला शंभर टक्के योग्य वाटतो. चूक केली, किंमत मोजली, पुढच्या सामन्यापासून विषय बंद.

आता वर आलेला हो-सँग पाहा. सप्टेंबर २०१५ मध्ये ट्रेनिंग कॅम्पच्या पहिल्याच सकाळी तोही झोपून राहिला. वय १९, आयलँडर्सनी आदल्या वर्षीच ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत घेतलेला. त्याला थेट ज्युनियर संघात परत पाठवलं. सेगिनचा एक सामना गेला, याचा अख्खा कॅम्प. पुढे त्याची कारकीर्द बहरली नाही, त्याची कारणं बरीच असतील. पण कोवळ्या वयाच्या पोराला पहिल्याच चुकीला एवढी मोठी शिक्षा दिली, तर उशीर करू नये यापेक्षा आपण इथे नकोसे आहोत हेच त्याच्या डोक्यात बसतं. म्हणून कोणत्या चुकीला कोणती शिक्षा, हे मोसम सुरू होण्याआधीच कागदावर उतरवा. त्या दिवशीच्या मूडवर सोडू नका.

शिक्षेचा तमाशा करणे

२ डिसेंबर १९९५, माँट्रियल फोरम. समोर डेट्रॉइट. गोली (गोलरक्षक) पॅट्रिक रॉय, ज्याच्या जोरावर माँट्रियलने १९९३ चा कप उचलला होता, त्या दिवशी पार कोलमडला होता. गोलवर गोल होत होते. नवे कोच मारियो ट्रेंबले आणि रॉय यांचं आधीच बिनसलेलं. अशा दिवशी कोणताही कोच गोलीला लवकर बदलतो, त्यात गोलीचा अपमान नसतो, उलट सुटका असते. ट्रेंबलेंनी बदललं नाही. एक साधा शॉट अडवल्यावर प्रेक्षकांनी उपहासाने टाळ्या पिटल्या, तेव्हा रॉयने दोन्ही हात वर करून त्यांना तसंच उत्तर दिलं. नऊ गोल झाल्यावर त्याला बाहेर काढलं. तो ट्रेंबलेंसमोरून तडक बेंचमागे बसलेल्या क्लबचे अध्यक्ष रोनाल्ड कोरी यांच्याकडे गेला आणि माँट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना असं सांगून टाकलं. सामना ११-१ असा संपला. चार दिवसांत क्लबने त्याला आणि कॅप्टन माइक कीनला कोलोरॅडोला देऊन टाकलं. कोलोरॅडोने त्याच मोसमात स्टॅनले कप जिंकला, २००१ मध्ये पुन्हा.

रॉयनेही मर्यादा ओलांडली होती, हे खरं. पण हजारो लोकांसमोर खेळाडूला उघडं पाडलं की त्यालाही हजारो लोकांसमोरच उत्तर द्यावंसं वाटतं. बोलायचं ते दार लावून, समोरासमोर बोला. कारण एकच सांगा. मागची उणीदुणी काढू नका.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे खेळाडूंना एकमेकांविरुद्ध वापरणं. टोरंटोचे कोच माइक बॅबकॉक यांनी २०१६-१७ च्या मोसमात नवख्या मिच मार्नरला सहकाऱ्यांची यादी करायला लावली. सगळ्यात जास्त मेहनत करणारा वर, सगळ्यात कमी करणारा खाली. मग तीच यादी काही खेळाडूंना कळू दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांना काढल्यावर हे बाहेर आलं. २०२३ मध्ये कोलंबसने त्यांना पुन्हा संधी दिली, तर तिथे खेळाडूंकडून त्यांच्या फोनमधले फोटो पाहण्याचं प्रकरण निघालं आणि एकही सामना न होता त्यांना राजीनामा द्यावा लागला.

आधी माया, मग एकदम कुऱ्हाड

२०१४ मध्ये लॉस एंजेलिस किंग्जकडे माइक रिचर्ड्सचा महागडा करार सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर) ओझं न ठेवता संपवण्याची संधी होती. दोन कप जिंकून दिलेला खेळाडू म्हणून जनरल मॅनेजर डीन लोंबार्डी यांनी ती सोडली. भावना समजण्यासारखी आहे. पण वर्षभरात, जून २०१५ मध्ये, कॅनडाच्या सीमेवर औषधांशी संबंधित एक प्रकरण घडलं आणि पोलिसांनी आरोप ठेवण्याआधीच क्लबने करारभंगाचं कारण देऊन पाच वर्षांचा उरलेला करार रद्द केला. खेळाडू संघटनेने दाद मागितली आणि ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. त्या तडजोडीचा वाटा किंग्जच्या सॅलरी कॅपवर २०३१-३२ पर्यंत आहे. घाईत घेतलेला निर्णय किती वर्षं पगारपत्रकावर बसून राहतो, ते यावरून कळावं.

अशा वेळी काय करायचं हे टँपा बे लाइटनिंगच्या स्टीव्ह आयझरमन यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. जोनाथन ड्रूआँला क्लब सोडायचा होता. त्याला सिराक्यूजच्या खालच्या संघात पाठवलं, तेव्हा २० जानेवारीला तो सामन्याला उतरलाच नाही. आयझरमननी त्याला बिनपगारी निलंबित केलं. करार तोडला नाही, आरडाओरडा केला नाही आणि दबावाखाली पडेल भावात त्याला विकलंही नाही. मार्चमध्ये ड्रूआँ परत आला. प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) त्याने १७ सामन्यांत १४ गुण मिळवले. पुढच्या वर्षी त्याच्या बदल्यात मिखाईल सर्गाचेव्ह आला आणि टँपाच्या २०२० व २०२१ च्या दोन्ही कपविजेत्या संघांत तो होता.

कप आधी, तक्रार नंतर

वरच्या सगळ्या चुका निस्तरता येतात. ही येत नाही.

२३ मे २०१० रोजी शिकागो ब्लॅकहॉक्स स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत पोहोचले. त्याच रात्री क्लबच्या वरिष्ठांची बैठक झाली. व्हिडिओ कोचने एका तरुण राखीव खेळाडूवर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार त्यांच्यापुढे होती. तीन आठवडे काहीही केलं गेलं नाही. ९ जूनला कप जिंकला. तो व्हिडिओ कोच संघासोबतच राहिला, जल्लोषातही होता. नंतर त्याला चौकशी किंवा राजीनामा यातलं एक निवडायला सांगितलं, त्याने राजीनामा दिला आणि प्रकरणावर पांघरूण पडलं. पुढे मिशिगनमध्ये एका अल्पवयीन हॉकीपटूवरच्या अत्याचाराबद्दल तो दोषी ठरला. शिकागोने मे महिन्यातच पोलिसांना फोन केला असता तर कदाचित तो मुलगा वाचला असता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये चौकशी अहवाल आला आणि दुसऱ्याच दिवशी काइल बीचने, तो खेळाडू मीच, असं स्वतः पुढे येऊन सांगितलं. लीगने क्लबला २० लाख डॉलरचा दंड केला. जनरल मॅनेजर स्टॅन बोमन यांनी राजीनामा दिला. २०१० मध्ये शिकागोचे कोच असलेले जोएल क्वेनव्हिल यांना फ्लोरिडाचं काम सोडावं लागलं. कपवर कोरलेलं त्या व्हिडिओ कोचचं नावही खोडलं गेलं.

त्या बैठकीत बसलेली माणसं संघाच्या जिंकण्या-हरण्याशी बांधलेली होती. तक्रार नेमकी अशाच माणसांच्या हाती गेली, बिघाड तिथे होता. डिसेंबर २०१९ मध्ये, खेळाडू अकीम अलीऊने आपले पूर्वीचे कोच बिल पीटर्स यांची वर्णद्वेषी भाषा उघड केल्यानंतर, लीगने अशी कोणतीही घटना तत्काळ कळवणं क्लबांना बंधनकारक केलं. आपला क्लब छोटा असला तरी तक्रार घेणारी व्यक्ती संघाच्या निकालाशी देणंघेणं नसलेलीच असावी. तक्रार आली त्याच दिवशी संबंधित माणसाला संघापासून वेगळं करा, उद्या फायनल असली तरी. कायद्याचा भंग दिसत असेल तर पोलिसांकडे जा, चौकशी बाहेरच्याकडे सोपवा आणि तिचं काय झालं ते तक्रार करणाऱ्याला लेखी कळवा.