सर्व्हरला दोन लाइनी जोडताय? या चुका टाळा

इंटरनेटची दुसरी लाइन आली, केबल सर्व्हरच्या दुसऱ्या लॅन कार्डात खोचली की झालं, असं समजणाऱ्यांचे फोन मला हमखास रविवारी येतात.

नव्वद टक्के वेळा घोळ एकच: उत्तर भलत्याच दाराने बाहेर पडतं. नाशिकच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानाचा ऑर्डर घेणारा छोटा लिनक्स सर्व्हर होता. दोन कंपन्यांच्या फायबर लाइनी, दोन्हींवर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता. दुसऱ्या आयपीवर साइट उघडेचना. तिथल्या पोराने आधी फायरवॉल बंद केला, मग आरपी फिल्टर (पॅकेट भलत्या कार्डावरून आलं तर टाकून देणारी लिनक्सची तपासणी) शून्य केला, शेवटी अख्खा सर्व्हर दोनदा फॉरमॅट मारला. कार्डावरून येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प मात्र एकदाही लावला नाही. मी लावला. विनंती दुसऱ्या कार्डावरून आत येत होती आणि उत्तर पहिल्यातून बाहेर.

पॅकेट कुठल्या कार्डातून आलं याच्याशी लिनक्सला उत्तर पाठवताना देणंघेणं नसतं. ते कुठे जायचंय तेवढं बघतं आणि डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर पडायचं ठरलेलं दार, दाखवेल तिकडे पाठवतं. उत्तरावर पत्ता एका कंपनीचा, लाइन दुसरीची. परक्या पत्त्याचं पॅकेट बाहेर सोडू नये, हा नियम इंटरनेट कंपन्यांसाठीच्या बीसीपी ३८ या शिफारशीत २००० सालापासून लिहून ठेवलाय. पहिल्या लाइनच्या कंपनीने तो पाळला, तिथेच उत्तर गडप झालं.

इलाज चार-पाच ओळींचा. प्रत्येक लाइनला वेगळं राउटिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठून जायचं त्याची यादी), त्यात तिचाच गेटवे, आणि आयपी रूल या कमांडने सांगायचं की या आयपीवरून निघालेलं सगळं या टेबलाने जाईल. मी आधी वहीत दोन घरं आखतो, लाइनमागे एक; प्रत्येकात आयपी, गेटवे, कार्ड, टेबल. मग कॉन्फिग फाइलमध्ये लिहितो आणि मुद्दाम रीबूट करतो. पोराने घाईघाईत सगळं टर्मिनलवरच टाकलं होतं, ते रीबूटला पुसलं जातं. पंधरा दिवसांनी लाइट गेली, की परत फोन.

दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वर ठेवू नका, एकाचा पत्ता आणि रेंज बदला. राउटरच्या वॅनवर (बाहेरच्या, कंपनीकडच्या बाजूवर) १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसतोय? मग तो सीजीनॅट आहे, म्हणजे कंपनीने एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय; बाहेरची विनंती आत वळवायला पोर्ट फॉरवर्ड करत बसू नका, स्टॅटिक आयपीचे पैसे भरा. १०० एमबीपीएस अधिक १०० म्हणजे एका डाउनलोडला २०० मिळत नाहीत. लाइन जिवंत आहे का ते बघायला गेटवेला पिंग करू नका; तो घरातला राउटरच असतो बऱ्याचदा. मी प्रत्येक लाइनवरून बाहेरचे दोन पत्ते तपासतो. डीएनएसचा टीटीएल (साइटच्या नावाचा जुना आयपी इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० वर आणायचा तो आधी, लाइन मेल्यावर नाही.

आणि दोन कंपन्या म्हणजे दोन रस्ते, हा भाबडेपणा सोडा. माझ्याच ऑफिसात दोन्ही ओएनटींवर (फायबरच्या डब्यांवर) एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा एकाच क्षणी लुकलुकायला लागला. खाली जाऊन बघतो तर जेसीबीने गटाराचं खोदकाम करताना दोन्ही केबली एकाच खड्ड्यात तोडलेल्या. तेव्हापासून दुसरी लाइन घेताना मी लाइनमनबरोबर खांबापर्यंत चालत जातो.