जॅम रूममध्ये ‘हाइव्ह्ज’सारखा कडक आवाज

स्वीडनमधल्या फागेर्स्ताच्या ‘द हाइव्ह्ज’ या रॉक बँडचा ‘व्हेनी व्हिडी व्हिशस’ हा अल्बम 2000 साली आला. 12 गाणी, जेमतेम 28 मिनिटं. पहिल्यांदा वाटतं, गिटारवर नुसता डिस्टॉर्शनचा, म्हणजे फाटलेल्या आवाजाचा, मारा आहे. नीट कान द्या, मारा कमी आणि शिस्त जास्त आहे. खरी गंमत सगळे एकदम थांबतात त्यात.

तसा आवाज भाड्याच्या जॅम रूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, रेकॉर्ड करायचा असेल तर आधी अ‍ॅम्पचा गेन (आवाज फाडणारं बटण) दहापैकी 4 वर आणा. बास 4, मिड 7, ट्रेबल 6 पासून सुरुवात करा. गेन चढवलात की दोन गिटारांचा लगदा होतो, आणि जिथे शांतता हवी तिथे अ‍ॅम्पची घरघर ऐकू येते. गिटारच्या तारा 10-46 जाडीच्या, आदल्या दिवशी बदललेल्या. त्याच दिवशी लावल्या तर ताणत राहतात, सूर उतरतो. जुन्या ठेवाव्यात तर मुंबईच्या पावसाळ्यात गंजून बद्द वाजतात.

सगळे स्ट्रोक वरून खालीच. 180 बीपीएमला (मिनिटाला 180 मात्रा) आठव्या नोट्स, म्हणजे मात्रेला दोन, म्हणजे सेकंदाला सहा ठोके. मनगट भरून येणारच. आलं तर टेम्पो 160 करा, पण वर-खाली मारून पळवाट काढू नका. ठोक्याचं वजन बदलतं आणि गाणं टांग्यासारखं दुडक्या चालीनं जातं.

थांबण्याची तालीम वेगळी करा. गिटारवाल्यांनी दोन्ही पंजे तारांवर दाबायचे, ड्रमरनं क्रॅश ही मोठी झांज हातानं धरायची. बेसवाला हमखास मागे राहतो. जाड तारा रेंगाळतात, त्यानं किंचित आधीच दाबायला हवं.

ड्रमला तीन माइक पुरे. एक किकसमोर (पायानं वाजणारा मोठा ड्रम), दुसरा स्नेअरच्या (मधला कडक वाजणारा ड्रम) बरोबर वर साधारण 100 सेंटीमीटरवर, तिसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभा ड्रम) बाजूनं हाय-हॅटकडे (पायानं मिटणारी झांजांची जोडी) रोखलेला. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा आणि तिथपासून दुसऱ्या आणि तिसऱ्या माइकचं अंतर तंतोतंत सारखं करा. चुकलं तर दोन्हीकडचा आवाज एकमेकाला खातो, स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. भाड्याच्या रूममधली स्नेअर फार घुमत असेल तर घडी घातलेला रुमाल कडेला चिकटपट्टीनं लावा. अख्खी झाकू नका.

अ‍ॅम्पमधून गुणगुण येत असेल तर सगळे अ‍ॅम्प विजेच्या एकाच बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन काढायचा ‘उपाय’ कुणी सुचवला तर ऐकू नका. गाताना माइकला ओठ लागला की झटका बसू शकतो. जॅक आणि केबल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जादाच आणा.

वाद्यं एकत्र, क्लिकशिवाय (कानात ताल देणाऱ्या टिकटिकीशिवाय) रेकॉर्ड करा. गायन नंतर, डायनॅमिक माइक (स्टेजवर वापरतात तो दणकट प्रकार) तोंडापासून दोन बोटांवर. मिक्सरचा प्रीअ‍ॅम्प (माइकचा आवाज वाढवणारा भाग) आवाज किंचित फाटेपर्यंत चढवा, पण इंटरफेसवर (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) लेव्हल -6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तिथे फाटलेला आवाज नुसता करकरतो.

रूमचं भाडं तासावर असतं. तीन तासांतला पहिला माइक लावण्यातच जाईल, तो धरूनच बुकिंग करा. चार टेकमध्ये, म्हणजे चार वेळा रेकॉर्ड करून, जमलं नाही तर टेम्पो पाचानं उतरवा.